मिस्टर रिव्हेटचा डावा हात

एक तास पन्नास मिनिटं झाली
तेव्हा मी श्रीरंगच्या कानात म्हटलं,
"अरे, त्यांनी त्याचा हात बरा केलाय!"
श्रीरंग झोपला होता.
पॉपकॉर्नचा डबा त्याच्या पोटावर
नावेसारखा वरखाली होत होता.

पडद्यावर पिट्सबर्ग कोसळत होतं,
म्हणजे आमचंच गाव, आमचेच पिवळे पूल,
फक्त नदी भलतीच.
मोनाँगहेला इतकी निळी कधीच नसते,
ती असते चहाच्या फडक्यासारखी.

आणि मिस्टर रिव्हेट उडत होता.

उडत.

आता कसं सांगू.
अठ्ठ्याण्णव साली इथे आले तेव्हा
माझ्या व्हिसाचं म्हणणं होतं, हिने काम करायचं नाही.
मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. बॅगेत, बाहेर फेब्रुवारी,
आणि लिबर्टी अॅव्हेन्यूवर कोवाल्चिकचं दुकान,
दाराशी जुन्या कॉमिक्सचं खोकं, पंचवीस सेंटला एक.
आत गेले ती ऊब मिळावी म्हणून, खरं कारण तेवढंच.
म्हातारा मला अल्का म्हणायचा.
उल्का, मी सांगायचे, आकाशातून पडते ती.
"मग बरोबर दुकानात पडलीस," म्हणायचा,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अल्का.

मिस्टर रिव्हेटला उडता येत नसे.
खरं तर त्याला फारसं काहीच येत नसे.
पूल कुठे दुखतोय ते हाताला कळायचं, एवढंच.
डाव्या, जळक्या हाताला,
ज्याची दोन बोटं भट्टीत वितळून एक झाली होती.
त्या हाताने तो पोलादाची नाडी बघायचा,
डोळे मिटून,
आमच्या मिरजेच्या आप्पा वैद्यांसारखी.

अंक एकेचाळीस.
अख्ख्या अंकात एक ठोसा नाही.
पुलाच्या कठड्यावर एक माणूस बसलाय,
बूट काढून शेजारी नीट ठेवलेले.
रिव्हेट येऊन बसतो. बावीस पानं.
दोघं बेसबॉलबद्दल बोलतात, मग सूपबद्दल.
शेवटच्या चौकटीत उजाडतं
आणि बूट पायात असतात.
मी तो वॉशिंग मशीनवर बसून वाचला
आणि वर जाऊन भात टाकला.
त्या वर्षी मला कठडे फार दिसायचे.

आणि ह्यांनी काय केलं?
त्याच माणसाला खलनायक केला.
त्याच्या बुटांतून आग निघते.

पहिला सिनेमा मी पोटात घातला होता.
पहिलटकर आहेत, म्हटलं, शिकतील.
पण दुसऱ्यात पैसाच पैसा,
नाकापेक्षा मोती जड, आणि नाकाचा पत्ता नाही.
हात दाखवून अवलक्षण होतं असं ऐकलं होतं,
ह्यांनी हात पुसून केलं.
एक निळा किरण, आणि पाचही बोटं तयार,
साबणाच्या जाहिरातीतली, गुळगुळीत.
थिएटरने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत एकाने नाही वाजवल्या.
असेल अकरा वर्षांचा.
डाव्या हातात भांडी घासायचा रबरी मोजा,
दोन बोटं जाड दोऱ्याने एकत्र शिवलेली,
टाके वाकडे, नक्की स्वतःच घातलेले.
नावं संपेपर्यंत तो उठला नाही. मीही नाही.

"एकेचाळीस," मी मागून म्हटलं.
त्याने वळून पाहिलं मला,
पांढरे केस, टिकली, मांडीवर नवऱ्याचा कोट,
आणि जराही न बिचकता म्हणाला,
"चाळीस जास्त चांगला आहे.
एकेचाळीसमध्ये काही होतच नाही."

काही होतच नाही!
लॉबीत भांडलो, जिन्यात भांडलो,
पार्किंगमध्ये त्याची आई हॉर्न वाजवत होती तरी भांडलो.
चाळीसमध्ये काय आहे? एक मगर आहे.
मी सांगणारच होते त्याला,
एकेचाळीसमध्ये काय होतं ते.
तोंड उघडलंही होतं.
मग त्याच्या मोज्याचे टाके दिसले,
आणि म्हटलं, असू दे.
अजून बरीच वर्षं
चाळीसच आवडू दे त्याला.